रोजच्या चालण्याला जोड कशाची द्यावी?

रोज पहाटे पाच किलोमीटर चालणारा माणूस एखाद्या रविवारी दौलताबादचा किल्ला चढून उतरतो आणि सोमवारी त्याला घरचा जिनासुद्धा कठडा धरून उतरावा लागतो, हा अनुभव छत्रपती संभाजीनगरकडच्या अनेकांच्या ओळखीचा असेल. दम चढताना लागतो, मांड्या मात्र मुख्यतः उतरण्यामुळे दुखतात. कारण उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि सपाट रस्त्यावर हे काम त्यांच्या वाट्याला फारसे येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, म्हणजे चालताना बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतपत वेगाने चालावे; शिवाय किमान २ दिवस ताकदीचा व्यायाम करावा. पहिली अट बहुतेकांच्या ध्यानात राहते, दुसरी सोयीस्करपणे विसरली जाते.

ताकदीसाठी महागड्या जिमची गरज नाही. तालमीतले जोर थेट जमिनीवर जमत नसतील तर आधी भिंतीला हात टेकून, मग स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणि दंडांत बळ आल्यावर जमिनीवर काढावेत. बैठकांची सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्याने करावी. सूर्यनमस्कार उत्तमच आहेत, परंतु त्यांत हातांनी ओढण्याचे काम जवळजवळ नसते. म्हणून कमरेतून पाठ सरळ ठेवून वाकावे, एक हात खाटेवर टेकवावा आणि दुसऱ्या हाताने अर्धी भरलेली बादली बरगडीपर्यंत ओढावी. ओढताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम वाढतो.

शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम कशाला, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते आणि ते मला पटत नाही. खुरपणी किंवा कापूस वेचणी करताना कंबर तासन्‌तास एकाच दिशेने वाकलेली असते. अशा व्यक्तीने घरी येऊन आणखी पुढे वाकण्याचे व्यायाम करण्यापेक्षा पालथे झोपून भुजंगासन करावे, आणि कामाच्या मधेच उभे राहून कमरेवर हात ठेवून हळूच मागे वाकावे.

तोल सांभाळण्याचा सराव दात घासताना, भिंतीजवळ एका पायावर उभे राहून करता येतो. ६५ वर्षांपुढच्यांनी तो आठवड्यातून ३ दिवस तरी करावा.

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा चालणे उजाडतानाच उरकावे आणि ताकदीचे व्यायाम घरात सावलीला करावेत. हृदयविकार, मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी नवा व्यायाम डॉक्टरांना विचारूनच सुरू करावा. स्नायूंचे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते; सांधा सुजला किंवा छातीत दुखले, तर मात्र व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठावे.

पुढच्या खेपेला किल्ल्यावर जायचे ठरले, तर तीन-चार आठवडे आधीपासून आठवड्यातून दोनदा जिना सावकाश, प्रत्येक पायरीवर भार तोलत, हात कठड्याजवळ ठेवून उतरावा. सुरुवातीला दोन मजले पुरेत.