जुन्या बाईकची डिस्क प्लेट: आधी मोजा, मग बदला

चाकासोबत फिरणाऱ्या डिस्क प्लेटला दोन्ही बाजूंनी चिमटणारे नवे पॅड टाकूनही ब्रेक दाबला की लिव्हर बोटांखाली थरथरतो. गॅरेजवाला चाकाकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "प्लेट गेली, बदलून टाका." त्याचं बरोबर असेलही. पण प्लेट गेली की नाही हे नजरेनं ठरत नाही, मोजावं लागतं.

जाडी

गाडी मेन स्टँडवर घ्या आणि प्लेट थंड होऊ द्या. प्लेटच्या आतल्या भागावर, बोल्टांच्या आसपास, कमीत कमी किती जाडी चालेल तो आकडा बहुतेक वेळा कोरलेला असतो. गंजाखाली दडला असेल तर वायर ब्रशनं घासा. दीडशे सीसीच्या आसपासच्या गाड्यांची नवी प्लेट साधारण ४ मिमीची असते आणि मर्यादा ३.५ मिमीच्या जवळपास, म्हणजे सगळा हिशोब अर्ध्या मिलिमीटरचा. तरी आपल्या प्लेटवरचा किंवा मॅन्युअलमधला आकडाच खरा माना.

इथं व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांचं मोजमापाचं साधन, फसवतो. पॅड अगदी काठापर्यंत पोचत नाही, त्यामुळे काठाला न झिजलेली कड राहते. व्हर्नियर त्या कडेवर बसतो आणि झिजलेली प्लेट धडधाकट दाखवतो. बारीक टोकांनी जाडी मोजणारा मायक्रोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर सारखे दोन सपाट वायसर झिजलेल्या पट्ट्यावर दोन्ही बाजूंनी धरा, एकूण जाडी मोजा आणि वायसरची जाडी वजा करा. गोल फिरून सहा-आठ ठिकाणी मोजा. मर्यादेशी सगळ्यात कमी आलेला आकडा ताडून पाहायचा, सरासरी नाही.

थरथर

प्लेटला दोष देण्याआधी पुढचं चाक उचलून हातानं आडवं हलवा. खडखड लागली तर बेअरिंग गेलंय, आणि नवी प्लेट टाकूनही थरथर जाणार नाही. बेअरिंग ठीक असेल तर फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला, एक केबल टाय बांधा, त्याचं टोक प्लेटला जेमतेम टेकेल असं ठेवा आणि चाक सावकाश फिरवा. फट कमी-जास्त होताना दिसली तर प्लेट वाकडी आहे किंवा तिच्या बैठकीत, म्हणजे ती जिथं चाकावर टेकते तिथं, गंज साचलाय. नेमका आकडा डायल गेज हे सुईचं मापयंत्रच देतं. बऱ्याच गाड्यांना ०.३ मिमीपर्यंतचं वाकडेपण चालतं, काहींना त्याहून कमी.

बारीक रेघा सगळ्याच प्लेटांवर असतात, त्याला घाबरू नका. नख अडकेल अशी खोल चरी, भोकापासून निघालेली चीर किंवा मर्यादेला टेकलेली जाडी दिसली की प्लेट बदलायचीच. "लेथवर फेस मारून देतो", म्हणजे यंत्रावर घासून सपाट करून देतो, या सल्ल्याला माझा ठाम नकार आहे. अर्ध्या मिलिमीटरच्या हिशोबातून लेथ काय काढणार आणि मागं काय ठेवणार?

खरेदी

नुसतं "पल्सरची प्लेट द्या" म्हणू नका. पल्सर २००१ पासून रस्त्यावर आहे, तिची स्पोकची चाकं जाऊन अलॉय आली, चाकाच्या मधला भाग, म्हणजे हबही बदलले. भोकं जुळली तरी प्लेटची बैठक आत-बाहेर असू शकते. मॉडेल, वर्ष आणि जुनी प्लेट घेऊनच दुकानात जा. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारात आरसा मिळाला तर जरूर घ्या, प्लेट मात्र नको. सोबत नवे पॅड घ्याच, कारण जुने पॅड जुन्या चऱ्यांच्या आकाराचे झालेले असतात.

बसवणं

इंजिनखाली भक्कम आधार देऊन चाक काढा. पॅडच्या मधल्या फटीत लाकडाची पट्टी सरकवा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला गेला तरी पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येणार नाही. प्लेटचे बोल्ट थ्रेडलॉकनं, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून लावलेल्या गोंदानं, चिकटलेले असतात. हीट गननं थोडं तापवा, अॅलन की हातोडीनं पूर्ण आत बसवा, मगच जोर लावा. एकदा खाच गोल झाली की ड्रिल मशीनच काढावं लागतं.

हबची बैठक गंज निघेपर्यंत साफ करा. नव्या प्लेटवरचं तेल ब्रेक क्लीनरनं पुसा. रॉकेल वापरू नका, त्याचा तेलकट थर मागं राहतो. फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो पाहा. नवे बोल्ट, नाहीतर जुन्यांना मध्यम ताकदीचं थ्रेडलॉक, समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे.

पॅड आणि पिस्टन धरणारा कॅलिपर तसाच परत लावलात तर काम अर्धवट राहील. एकाच बाजूनं जास्त झिजलेले पॅड सहसा कॅलिपर ज्यावर सरकतो त्या जाम झालेल्या स्लाइड पिनमुळे होतात, कोकणातल्या पावसाळ्यानंतर तर हमखास. पिना साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं रबर फुगतं. पिस्टन पुसूनच आत ढकला, आणि ढकलताना हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतून ऑइल उतू जात नाही ना ते बघा, ते रंग खातं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: गाडी हलवण्याआधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबत राहा. पहिले काही दाब पोकळच जातात. वारंवार दाबूनही लिव्हर स्पंजासारखा लागला तर ब्रेकच्या नळीतली एअर, म्हणजे हवा, काढावी लागेल.

रुळवणं

मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० किमीवरून १० पर्यंत हलक्या हातानं वेग कमी करा, असं दहा-पंधरा वेळा, मधे प्लेटला गार व्हायला वेळ देत. तापलेली प्लेट पॅडमध्ये दाबून गाडी उभी करू नका, त्या जागी पॅडचा थर चिकटतो आणि थरथर पुन्हा सुरू होते. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ताम्हिणी-वरंधासारखे घाट टाळलेले बरे. त्यानंतर कॅलिपर आणि अॅक्सलचे बोल्ट एकदा तपासा.