इंग्लंडमध्ये उत्खननाचं कंत्राट घेताना: दर, हप्ते आणि अडकणारे पैसे

इंग्लंडमध्ये १९९० साली पीपीजी १६ हे नियोजन-धोरण आलं आणि बांधकामाआधीच्या उत्खननाचा खर्च बिल्डरनेच सोसायचा, ही रीत रुळली. आपल्याकडे उत्खनन बहुतेक पुरातत्त्व खातं किंवा विद्यापीठं करतात. तिथे खासगी संस्था दर देऊन काम मिळवतात. आपल्याकडे शिकून तिकडे गेलेल्यांना हा व्यवहार नवा असतो.

पैसे बहुधा खोदकामानंतर अडकतात. जागा मोकळी झाली की बिल्डरची घाई संपते. तुमच्याकडे मात्र खापरं धुणं, हाडांची तपासणी, अहवाल आणि संग्रहालयात पेट्या जमा करणं हे महिनोन्महिन्यांचं काम उरतं. म्हणून या कामाचं दरपत्रक वेगळं करा आणि त्यातली निम्मी रक्कम जागा ताब्यात देण्याआधी जमा व्हावी, असं कलम घाला. बांधकाम परवान्याच्या पुरातत्त्वविषयक अटीत अनेकदा विश्लेषण, प्रकाशन आणि संग्रह जमा करणंही येतं; ती अट वाचून तिचा क्रमांक करारात लिहा. अहवालाचा कॉपीराइट स्वतःकडे ठेवा, वापरायचा हक्क पैसे मिळाल्यावर.

हप्ते असे ठेवता येतात: खोदाईचं मशीन जागेवर येण्याआधी २५ टक्के, खोदकाम चालू असताना दर पंधरा दिवसांनी बिल, मग वरचा उत्खननोत्तर हप्ता, आणि उरलेले अहवालाच्या मसुद्याबरोबर.

चाचणी चरांचं, म्हणजे जमिनीखाली काही आहे का हे पाहायला खणलेल्या चरांचं काम ठोक रकमेत घ्यायला हरकत नाही, कारण मोजमाप आधीच ठरतं. ३ हेक्टरच्या शेतात ३० मीटर लांब, १.८ मीटर रुंद असे २० चर म्हणजे १,०८० चौरस मीटर, साधारण ३.६ टक्के. पूर्ण उत्खनन मात्र ठोक रकमेत कधीच घेऊ नका. एखादी विहीर १.२ मीटरपेक्षा खोल गेली की बाजू उतरत्या कापाव्या लागतात किंवा आधार द्यावा लागतो, आणि हिशेब तिथेच कोसळतो. माणूस-दिवस आणि मशीन-दिवस असे दर लावा. रेडिओकार्बन नमुने, धातूच्या वस्तूंचं जतन, पाण्यात टिकलेलं लाकूड, संग्रहालयाचं पेटीमागचं शुल्क यांच्या अंदाजे धरलेल्या, नंतर खऱ्या खर्चाप्रमाणे ठरणाऱ्या रकमा वेगळ्या दाखवा. मानवी अवशेषांसाठी न्याय मंत्रालयाचा परवाना लागतो. तो येईपर्यंत थांबलेल्या दिवसांचं काय, तेही लिहा. जागेत पाणी साचलं, जमिनीखालची केबल निघाली, बिल्डरने कुंपणच घातलं नाही, तर उभ्या मशीनचं भाडं कोणाचं? हे न लिहिलेले करार सर्रास दिसतात आणि भांडण हमखास तिथूनच सुरू होतं.

मुख्य ठेकेदाराच्या हाताखाली काम असेल तर ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ’ हे कलम शोधा. १९९६ च्या बांधकाम कायद्याने, दिवाळखोरीचा अपवाद वगळता, ते निष्प्रभ ठरवलं आहे. पण उत्खनन त्या कायद्यातल्या बांधकामात मोडतं का, यावर वाद घालता येतो. तेव्हा त्या कायद्याच्या पैसे देण्याच्या आणि लवादासारख्या जलद निवाड्याच्या तरतुदी या कामाला लागू आहेत, हे करारातच नमूद करा. पैसे थकल्यास ७ दिवसांची नोटीस देऊन काम थांबवण्याचा हक्कही मागा. उशिराच्या बिलावर १९९८ च्या कायद्याने बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त दराने व्याज लावता येतं. त्याशिवाय बिल १,००० पौंडांच्या आत असेल तर ४० पौंड, १०,००० च्या आत असेल तर ७०, आणि १०,००० किंवा जास्त असेल तर १०० पौंड भरपाई मागता येते.

सापडलेल्या वस्तू साधारणपणे जमीनमालकाच्या असतात. मालकी संग्रहालयाकडे देण्याच्या पत्रावर खोदकामाआधीच सही घ्या. त्याशिवाय पेट्या स्वीकारल्या जात नाहीत. बरेच बिल्डर एकेका जागेसाठी वेगळी कंपनी काढतात आणि घरं विकली की ती बंद करतात. मग सही द्यायला कोणी नसतं, बिल भरायलाही नाही. कंपनीची नोंद ‘कंपनीज हाउस’ या ब्रिटनच्या कंपनी-नोंदणी कार्यालयाच्या साइटवर फुकट पाहता येते. ती कालपरवाची निघाली तर मूळ कंपनीची लेखी हमी मागा, आणि ती हातात पडेपर्यंत मशीन पाठवू नका.