आरोग्य धोरणातील नैतिक प्रश्नावर जाहीर चर्चा कशी घ्यावी

चर्चा घ्यायची ठरली की संयोजक आधी वक्ते आणि सभागृह शोधू लागतात. त्यापूर्वी प्रश्न लिहून काढावा, कारण ‘अवयवदान : योग्य की अयोग्य’ असा विषय ठेवला तर तीन तास भाषणे होतात आणि धोरणाबद्दल कोणी अवाक्षरही काढत नाही. वेल्समध्ये १ डिसेंबर २०१५ पासून, प्रौढ व्यक्तीने हयातीत नकार नोंदवला नसेल तर तिची अवयवदानाला संमती आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. यावर चर्चा घ्यायची असेल तर प्रश्न असा लिहावा : नकार नोंदवला नाही म्हणजे संमती दिली, असे राज्याने मानावे का, आणि मानले तर घरच्यांचा विरोध असताना डॉक्टरांनी काय करावे?

मग कागदाच्या मधोमध रेघ ओढावी. डावीकडे पडताळून पाहता येणारे दावे लिहावेत, उजवीकडे पडताळून न सुटणारे. ‘कायदा बदलला की अवयवदाते वाढतात’ हे डावीकडचे वाक्य आहे, आणि ते सभेआधीच तपासावे. स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा १९७९ पासून आहे. पण व्यवहारात तिथे कुटुंबाला विचारूनच पुढे जातात, आणि अवयवदानातील यशाचे श्रेय बहुतेक जाणकार रुग्णालयांतील प्रशिक्षित समन्वयकांना देतात. ‘मृतदेहावर पहिला हक्क कोणाचा’ हे मात्र उजवीकडचे. सभेचा वेळ त्यासाठी राखावा.

कोणाला बोलवायचे, हा सगळ्यात अवघड भाग. अमेरिकेतील ओरेगन राज्याने मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी योजनेतून कोणते उपचार द्यायचे, याचा प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी १९८९ मध्ये कायदा केला आणि १९९० मध्ये राज्यभर ४७ जाहीर सभा घेतल्या. उपक्रम धाडसी होता. पण आलेल्यांत बहुसंख्य आरोग्यसेवेत काम करणारेच होते आणि ज्यांच्या उपचारांवर गदा येणार होती ते मेडिकेडचे लाभार्थी अगदी थोडे. पहिली यादी खर्च आणि लाभाच्या सूत्रावर बेतलेली होती, तिच्यात दाताला कॅप बसवणे अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेच्याही वर आले, आणि ती बदलावी लागली. पुढे १९९२ मध्ये केंद्र सरकारने योजनेला मंजुरी नाकारली. आजारपणातले किंवा अपंगत्वातले जगणे किती मोलाचे, याची यादीसाठी घेतलेल्या सर्वेक्षणातील उत्तरे अपंगांवर अन्याय करणारी आहेत, असा आक्षेप होता. सुधारित योजना १९९४ मध्ये सुरू झाली. म्हणून खुले निमंत्रण पुरेसे मानू नये. डायलिसिसवरचा रुग्ण संध्याकाळी सहाला येऊ शकतो का, हे त्यालाच विचारावे; येऊ शकत नसेल तर वेळ बदलावी किंवा त्याचे म्हणणे आधी लिहून घ्यावे.

सभेत एक क्षण हमखास येतो. कोणीतरी उठून, वडिलांचा व्हेंटिलेटर काढण्याच्या कागदावर आपण सही कशी केली ते सांगते, आणि त्यानंतर आकडेवारी मांडण्याची कोणाची छाती होत नाही. सूत्रसंचालकाने घाई करू नये. थोडे थांबून त्याच व्यक्तीला विचारावे, ‘त्या दिवशी कोणता नियम असता तर तुम्हाला बरे पडले असते?’ अनुभवाला धोरणाकडे वळवणारा याहून सरळ मार्ग मला माहीत नाही. मात्र एका कहाणीवर निर्णय टांगू नये. ओरेगनने १९८७ मध्ये अवयव प्रत्यारोपणाचा निधी थांबवल्यावर, रक्ताचा कर्करोग झालेला सात वर्षांचा मुलगा अस्थिमज्जा प्रत्यारोपणासाठी पैसे जमत असतानाच दगावला. राज्य हादरले, आणि ते साहजिक होते; परंतु तो निधी वाचवून ज्यांना सेवा मिळणार होती, त्यांचे चेहरे कोणालाच दिसत नव्हते. अशा अदृश्य माणसांची बाजू मांडण्याचे काम एकाला आधीच नेमून द्यावे.

एकमताचा आग्रह धरू नये. मानवी भ्रूणांवरील संशोधनाबाबत ब्रिटनमध्ये नेमलेल्या वॉरनॉक समितीने १९८४ च्या अहवालात फलनानंतर चौदा दिवसांपर्यंतच भ्रूणावर संशोधन करू देण्याची मर्यादा सुचवली आणि असहमत सदस्यांची मतेही त्यातच छापली. ती मर्यादा १९९० च्या कायद्यात आली. आपल्या अहवालातही प्रत्येक मतामागचे कारण, ते मांडणारे कोणत्या गटातले होते, आणि बोलावूनही कोण आले नाही, हे लिहावे. मसुदा आधी सहभागींना वाचायला द्यावा, त्यांच्या दुरुस्त्या घ्याव्यात, आणि धोरणाचा निर्णय होण्याच्या तारखेआधी तो आरोग्य खात्याकडे आणि लोकप्रतिनिधींकडे पोहोचवून पोच घ्यावी.