वाचनगटात ‘ॲलिस इन वंडरलँड’ घेताय? या चुका टाळा

लुईस कॅरॉलचं हे 1865 सालचं पुस्तक जेमतेम 12 प्रकरणांचं. त्यामुळे एका बैठकीत उरकू, असं बहुतेक गटांना वाटतं आणि ‘गंमत आहे बुवा’ यापलीकडे चर्चा सरकत नाही. चार बैठका ठेवा, दर वेळी तीन प्रकरणं. प्रत्येकाकडे पूर्ण आवृत्ती हवी; संक्षिप्त आवृत्त्यांत बहुधा कविताच गळतात. पान क्रमांक जुळणार नाहीत, म्हणून प्रकरणाचा हवाला द्यायची सवय लावा.

आठवणीतल्या सिनेमावर बोलणं ही सगळ्यात चिवट चूक. ट्वीडलडम-ट्वीडलडी ही गोलमटोल जोडगोळी या पुस्तकात नाहीच. ती कॅरॉलच्याच पुढच्या ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ पुस्तकातली. डिस्नेच्या 1951 च्या चित्रपटाने दोन्हींची सरमिसळ केली. बदाम राणी पत्त्यांतली, तांबडी राणी बुद्धिबळातली, त्याही दोन वेगळ्या. यावर एकच नियम पुरतो: जो म्हणेल, त्याने ते पुस्तकात काढून दाखवायचं.

बदाम राणीचंच बघा. ‘मुंडकं उडवा’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात असतं आणि गाडी थेट हुकूमशाहीवर जाते. नववं प्रकरण उघडा. राजा हळूच सगळ्यांना माफ करून टाकतो, आणि ग्रिफन हा काल्पनिक प्राणी ॲलिसला हसत सांगतो की इथे कुणाचंच डोकं कधी उडत नाही, हे सगळं राणीच्या मनातलं. मग सगळे तिला इतके टरकून का असतात? या प्रश्नावर अर्धी बैठक सहज रंगते.

त्याच प्रकरणात डचेस (उमरावीण) प्रत्येक गोष्टीतून तात्पर्य काढत सुटते आणि हास्यास्पद ठरते. तरीही गटात कुणीतरी ‘यातून मुलांनी काय शिकायचं?’ विचारतंच. त्यांना डचेसचे संवाद मोठ्याने वाचायला द्या.

कविता गाळू नका. दुसऱ्या प्रकरणात ॲलिस आपण आपणच आहोत ना, हे तपासायला पाढे आणि भूगोल आठवून बघते. चार पंचे बारा होतात, लंडन पॅरिसची राजधानी बनते. मग पाठ असलेली कविता म्हणायला जाते, तर तोंडून निघते मगरीची. मूळ कविता आयझॅक वॉट्सची, 1715 सालची, उद्योगी मधमाशीवरची. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्याशिवाय विनोद पोचत नाही: कष्टाळू माशीच्या जागी हसत हसत मासे गिळणारी मगर.

सुरवंटाचा हुक्का आणि अळिंबी दिसली की नशेचा विषय निघतोच. माझ्या मते तो तिथेच थांबवावा. त्याऐवजी उंची कमी-जास्त करणारी ती अळिंबी मिळाल्यावर ॲलिसमध्ये काय बदलतं, ते शोधा. तोवर उंची तिच्याशी खेळत होती. सातव्या प्रकरणाच्या शेवटी ती स्वतः हवी तेवढी लहान होऊन बागेत शिरते. ‘कावळा लिहिण्याच्या टेबलासारखा का?’ या चहापानातल्या हॅटरच्या कोड्यात तर अडकूच नका. खुद्द हॅटरलाही उत्तर माहीत नाही. कॅरॉलने एक उत्तर 1896 मध्ये प्रस्तावनेत दिलं, तेही लोक विचारत राहिले म्हणून.

न वाचता आलेल्याला घरी पाठवू नका. शेवटच्या प्रकरणात खटला चालू असताना राजा नियम 42 काढून ॲलिसला बाहेर घालवू बघतो, तो प्रसंग त्याच्याकडून वाचून घ्या. राजा म्हणतो हा सर्वांत जुना नियम. ॲलिस म्हणते, मग त्याचा क्रमांक एक हवा. दुसऱ्या प्रकरणात रडून तळं करणाऱ्या मुलीला हे धाडस कुठून आलं, हे त्यालाच विचारा.