डिस्क जवळपास भरलेली असताना एन्क्रिप्टेड बॅकअप दूरच्या मशीनवर कसा घ्यावा

२५ जीबीची डिस्क, त्यातले १८ जीबी भरलेले, आणि सल्ला काय मिळतो? डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची मजकूर-प्रत) काढा, फोल्डरांसकट टार करा (एकाच फाइलीत बांधा), जीपीजीने एन्क्रिप्ट करून बंद करा, मग पाठवा. एवढ्या प्रती ठेवायला जागा असती तर प्रश्नच नव्हता. शिवाय जीपीजीने बंद केलेली फाइल दरवेळी पूर्ण वेगळी निघते. कालपासून दोन ओळी बदलल्या असल्या तरी सगळी पुन्हा चढवा.

मी यासाठी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरतो. तो फाइलींचे तुकडे पाडतो, तिकडे आधीच असलेले तुकडे वगळतो आणि उरलेले आपल्याच मशीनवर एन्क्रिप्ट करून पाठवतो. दूरच्या मशीनवर एसएफटीपी किंवा एस-थ्री पद्धतीची साठवणीची जागा घ्या, तिथे बॅकअपचं कोठार तयार करणारी ‘इनिट’ आज्ञा चालवा. पासवर्ड कागदावर लिहून सर्व्हरपासून लांब ठेवा. तो हरवला तर डेटा कुणीच उघडून देऊ शकत नाही. फोल्डरांचा बॅकअप एका आज्ञेत होतो.

घोडं अडतं ते डेटाबेसपाशी. माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला. डंपची फाइल बनवायचीच नाही. मायएसक्यूएल डेटाबेसचा डंप काढणाऱ्या मायएसक्यूएल-डंप या आज्ञेतून निघणारा मजकूर पाइपने थेट रेस्टिकच्या स्टँडर्ड इनपुटमध्ये सोडायचा. इनोडीबीची (मायएसक्यूएलच्या एका साठवण-पद्धतीची) टेबलं असतील तर ‘सिंगल-ट्रँझॅक्शन’ लावा, म्हणजे साइट चालू असतानाही डंप सुसंगत निघतो.

हे बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं. पुढचं मिळत नाही. डंप मधेच मेला, तर रेस्टिकला वाटतं मजकूर संपला. तो अर्धवट डंप इमानेइतबारे जपून ठेवतो आणि ‘स्नॅपशॉट (त्या वेळची प्रत) सेव्ह झाला’ असं सांगतो. बॅश (आज्ञा चालवणारा शेल) पाइपमधल्या शेवटच्याच आज्ञेचा निकाल बघतो, त्यामुळे स्क्रिप्टलाही सगळं ठीक वाटतं. बॅशचा ‘पाइपफेल’ पर्याय लावा म्हणतात. त्याने चूक कळते, पण तोवर अर्धवट स्नॅपशॉट तयार झालेला असतो. म्हणून पाइपच नको. रेस्टिकच्या ०.१७ आवृत्तीपासून ‘स्टडिन-फ्रॉम-कमांड’ आहे: डंपची आज्ञा रेस्टिक स्वतः चालवतो आणि ती फसली तर स्नॅपशॉटच करत नाही. आवृत्ती जुनी असेल तर आधी नवी घ्या, मग पुढचं वाचा.

डंप जीझिपने कॉम्प्रेस करून काढू नका. एक ओळ बदलली की तिच्या पुढचा सगळा मजकूर बदललेला दिसतो आणि तुकडे वगळण्याचा फायदा जातो. ०.१४ पासून रेस्टिक स्वतःच कॉम्प्रेस करतो. डंपला नाव देणाऱ्या ‘स्टडिन-फाइलनेम’मध्ये तारीखही घालू नका. जुने स्नॅपशॉट काढणारी ‘फरगेट’ आज्ञा एरवी मशीन आणि पाथ बघून स्नॅपशॉटचे गट पाडते. रोज नवं नाव म्हणजे रोज नवा गट, आणि एकट्या स्नॅपशॉटला ती हात लावत नाही. महिनोन्‌महिने काहीच पुसलं जात नाही आणि बिल वाढत राहतं. नाव एकच ठेवा. मग ‘फरगेट’ला रोजचे ७, आठवड्यांचे ४ ठेवायला सांगा आणि सोबत ‘प्रून’ द्या, म्हणजे नको झालेले तुकडे पुसले जातात.

एवढं करूनही डिस्क दोन ठिकाणी खाल्ली जाते. पाठवायचे पॅक (तुकड्यांचे गठ्ठे) आधी टेम्प फोल्डरमध्ये तयार होतात: १६ एमबीचा पॅक आणि ५ कनेक्शन धरली तर साधारण ९६ एमबी. ‘पॅक-साइझ’ वाढवा असा सल्ला अशा मशीनवर कानाआड करा. दुसरी जागा कॅशची, म्हणजे रेस्टिक आपल्या मशीनवर ठेवतो त्या कोठाराच्या माहितीची. ‘चेक’ ही आज्ञा पडताळणीसाठी वेगळी तात्पुरती कॅश बनवते, म्हणजे तेवढ्यापुरती जागा दुप्पट लागते. जागा अगदीच नसेल तर ‘विथ-कॅश’ द्या, किंवा ‘चेक’ सरळ लॅपटॉपवरून चालवा.

परत आणतानाही फाइल उतरवायची गरज नाही. ‘डंप लेटेस्ट’ला डंपचं नाव द्या आणि निघणारा मजकूर लॅपटॉपवरच्या रिकाम्या मायएसक्यूएलमध्ये पाइप करा. चालू सर्व्हरवर हा प्रयोग नको. आयात झाल्यावर सगळ्यात मोठ्या टेबलातली शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा.