इंग्लिश आडनावाचा माग कसा काढायचा : उदाहरण शॅकल्टनचं

इंग्लिश आडनाव हाती आलं की बहुतेक जण आधी त्याचा अर्थ शोधतात आणि तिथेच फसतात. अर्थ शेवटी बघायचा. आधी त्या आडनावाची माणसं कुठे दाट होती ते पाहा, मग एकेक पिढी मागे जा. दोन्ही वाटा एकाच मुलखात पोचल्या तरच उगम सापडला असं समजा. आणि हो, ‘घराण्याचं मानचिन्ह’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. इंग्लंडमध्ये मानचिन्ह विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही.

उदाहरणाला शॅकल्टन (Shackleton) घेऊ. यॉर्कशरच्या पश्चिम भागात, हेब्डन ब्रिजच्या वरच्या डोंगरउतारावर या नावाची छोटी वस्ती आहे. आपल्याकडे चिपळूण सोडलेला माणूस चिपळूणकर होतो, तसंच इथेही आहे, फक्त ‘कर’ लागत नाही, गावाचं नावच आडनाव होतं. त्यामुळे अशा आडनावाचे जुने दाखले खुद्द गावापेक्षा आसपासच्या गावांत जास्त मिळतात.

सुरुवात 1881 च्या जनगणनेपासून करा. तिची सूची फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर फुकट आहे. जिल्हावार माणसं मोजा, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. समजा, चार लाख वस्तीच्या शहरात 80 जण निघाले आणि वीस हजारांच्या खोऱ्यात 40. दर दहा हजारांमागे शहरात 2 आणि खोऱ्यात 20. माग खोऱ्यात काढायचा. शहरातले 80 बहुधा गिरण्यांमागे आलेले. स्मिथ किंवा टेलरसारख्या धंद्यावरच्या आडनावांना ही रीत लागू पडत नाही, कारण ती गावोगाव वेगवेगळी जन्मली.

एकच स्पेलिंग टाकून शोधलं तर निम्मी माणसं हातची जातात. मधला ‘सी’ गळतो, ‘एल’ आणि ‘ई’ची अदलाबदल होते, ‘टन’चं ‘टिन’ होतं. साउंडेक्स ही सारख्या उच्चाराच्या नावांना एकच क्रमांक देणारी पद्धत. तीत शॅकल्टनचा सांकेतिक क्रमांक एस 243. त्याने यातले बरेचसे प्रकार एकत्र येतात. ‘टी’ गळाला असेल तर मात्र क्रमांकच बदलतो, तेव्हा तो प्रकार वेगळा शोधावा लागतो.

आता मागे जाणं. इंग्लंड-वेल्समध्ये सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी 1 जुलै 1837 पासून. तिची सूची तिमाहीवार असते आणि तिमाही नोंदणीची असते, जन्माची नव्हे. जन्म नोंदवायला 42 दिवसांची मुदत असल्याने डिसेंबरातलं मूल पुढच्या वर्षीच्या पहिल्या तिमाहीत सापडू शकतं. 1841 च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांची वयं बहुतेक ठिकाणी पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत. 24 चा माणूस 20 चा दिसतो. जन्मगाव 1851 पासून मिळतं, म्हणून त्या वर्षी हयात असलेला सर्वांत म्हातारा शॅकल्टन आधी गाठा.

1837 च्या आधी चर्चच्या नोंदवह्या. त्यांचा हुकूम 1538 चा, आणि शॅकल्टन वस्ती ज्यात मोडे त्या हॅलिफॅक्स पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीच्या) वह्या त्याच वर्षापासून आहेत. इथे तारखांचा घोळ होतो. 1752 पूर्वी वर्ष 25 मार्चला सुरू होई. म्हणजे वहीतली ‘फेब्रुवारी 1720’ आपल्या हिशेबाने 1721. क्वेकर या ख्रिस्ती पंथाची कागदपत्रं तर महिन्यांना नुसते क्रमांक देतात, आणि 1752 पूर्वीचा ‘पहिला महिना’ मार्च असतो. शॅकल्टनांत क्वेकर होते, त्यामुळे ही चूक हमखास होते.

वह्यांत एकाच नावाचे तीन जॉन निघाले तर मृत्युपत्रं बघा. 1858 पूर्वीची ती चर्चच्या न्यायालयांत. या भागातली यॉर्कच्या बॉर्थविक संस्थेत मिळतात. भाऊ, जावई, जमीन, सगळं एका कागदात येतं. त्याही मागे वेकफील्ड जहागिरीच्या न्यायालयाच्या नोंदींच्या गुंडाळ्या 1274 पासून उरल्या आहेत, शिवाय 1379 ची डोईपट्टी. तिथे माणसाच्या नावापुढे ‘de’ (म्हणजे ‘अमक्या गावचा’) लावून गावाचं नाव दिसलं म्हणून ते आडनावच झालं असं नाही. मुलगा दुसऱ्या गावी राहूनही तेच नाव लावतो, असा दाखला मिळाला की नाव वंशपरंपरागत झालं म्हणता येतं.

पसाराही कागदावरच दिसतो. बिंग्लीजवळच्या हार्डनचा क्वेकर अब्राहम शॅकल्टन आयर्लंडला गेला आणि 1726 मध्ये बॅलिटोरला शाळा काढली. राजकीय विचारवंत एडमंड बर्क तिथेच शिकला. ध्रुवप्रदेशाचा संशोधक अर्नेस्ट याच घराण्यातला, जन्म 1874, किल्डेअर परगणा. 1881 मध्ये कुटुंब डब्लिनला होतं, आणि आयर्लंडची त्या वर्षीची जनगणना नष्ट झाली आहे. 1881 च्या मोजणीत माणूस नाही म्हणून शाखाच नव्हती, असं ठरवू नका.

शाखा हिंदुस्थानाकडे वळली असेल तर ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे कागद पाहा. बाप्तिस्मा, विवाह, दफन यांच्या प्रती लंडनला जात. मुंबई इलाख्याची मालिका एन/3, बंगालची एन/1, मद्रासची एन/2. इलाखा चुकला तर नोंद सापडत नाही, आणि पलटणी तर इलाखे बदलत राहायच्या. म्हणून तिन्ही चाळा.

शेवटी वाय गुणसूत्राची चाचणी. हे गुणसूत्र आडनावासारखंच बापाकडून मुलाकडे जातं. कागदावर नातं न जुळणारे दोन शॅकल्टन पुरुष निवडा आणि 37 खुणांची तुलना करा. जुळल्या तर उगम एक असण्याला बळ मिळतं. नाही जुळल्या तर दत्तक, सावत्र बापाचं नाव, आईकडून आलेलं आडनाव, यांपैकी काही तरी मध्ये घडलेलं असू शकतं. तेव्हा तिसऱ्या शाखेचा पुरुष तपासून घ्या.