पोटाचा एमआरआय: आत जायच्या आधी काय करायचं आणि फिल्म हातात आल्यावर काय बघायचं

फिल्म हातात पडली की माणूस पहिलं काय करतंय, तर खिडकीकडं जाऊन उजेडात धरतंय. मी कोल्हापुरात एमआरआय टेक्निशियन आहे, बारा वर्षं झाली, रोज बघतोय हे. परवा गडहिंग्लजकडच्या एक मावशी आल्या होत्या, त्यांचा मुलगा फिल्म धरून खिडकीपाशी उभा, एका पांढऱ्याफेक गोळ्यावर बोट ठेवलेलं, आई मागं बाकड्यावर बसलीय तिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून मला विचारतोय, "दादा, ही गाठच आहे नव्हं?" तोंड पार उतरलेलं. ते पित्ताशय होतं. तुमच्या माझ्या सगळ्यांच्या पोटात असतंय आणि त्या फोटोत ते पांढरंच दिसायला पाहिजे.

तर एमआरआयमध्ये पांढरं म्हणजे वाईट आणि काळं म्हणजे चांगलं असं काही नसतंय, एवढं आधी डोक्यात बसवा, बाकीचं सावकाश सांगतो.

सुरुवात तयारीपासून करू कारण फोटो चांगले येणार का नाही ते तिथंच ठरतंय. पोटाच्या एमआरआयला साधारण ४ ते ६ तास उपाशी यायला सांगतात. लोकांना वाटतं उलटी होऊ नये म्हणून, ते एक कारण आहेच, पण दुसरं कारण कुणी सांगत नाही. तेलातूपाचं खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतलं पित्त आतड्यात सोडतं, त्याचं कामच ते आहे. मग सकाळी मिसळ हाणून आलेल्या माणसाचं पित्ताशय रिकाम्या पिशवीसारखं चिकटलेलं दिसतंय, त्यात खडा आहे का, भिंत जाड आहे का, काही धड कळत नाही. शिवाय भरल्या पोटी आतडी हलत राहतात आणि फोटो हलतोय. त्यामुळं "चहाबरोबर दोन बटरच खाल्लेत" असं असेल तर तेही सांगा, लपवू नका, थांबून उशिरा करू पण नीट करू. रोजच्या बीपीच्या वगैरे गोळ्या घोटभर पाण्याबरोबर साधारण चालतात, शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिनचं मात्र उपाशी राहायचं असल्यामुळं आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून घ्या. काही ठिकाणी पित्तनलिकेच्या तपासणीआधी अननसाचा ज्यूस प्यायला देतात, घाबरू नका, अननसात मँगनीज असतं आणि त्यानं जठरातलं आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचं पाणी फोटोत काळं पडतंय, म्हणजे मागची नलिका मोकळी दिसते.

आता धातू. मशीनमधलं चुंबक बहुतेक ठिकाणी १.५ टेस्लाचं असतं, काही ठिकाणी ३ टेस्ला. पृथ्वीचं जे चुंबकत्व होकायंत्राची सुई हलवतं त्याच्या साधारण ३० हजार पट हे १.५ वालं. आणि ते चोवीस तास चालू असतंय, रात्री दिवे बंद केले तरी, कारण आतली तार द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ डिग्रीला थंड ठेवलेली असते आणि त्यातला करंट थांबतच नाही. म्हणून "पेशंट आत नाही म्हणजे मशीन बंद आहे" असं समजून नातेवाईकांनी मोबाईल, किल्ल्या, व्हीलचेअर घेऊन आत शिरायचं नाही. बायकांनी मंगळसूत्र, बांगड्या, पिना, आणि कुणी लग्नकार्यातून थेट आलं असेल तर कोल्हापुरी साज, सगळं घरी ठेवून यावं. जोडव्यांवरनं रोज वाद होतो. "हुपरीची चांदी हाय, चांदीला चुंबक लागत न्हाई" म्हणतात, बरोबर आहे, पण चांदीत दुसरा धातू किती मिसळलाय ते आपल्याला दिसत नाही आणि रेडिओ लहरींनी धातू गरम होऊ शकतो, म्हणून काढायचंच. वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी साबणाचं पाणी लावून निघतात, पण पाय सुजायच्या आधी, म्हणजे सकाळी घरीच काढा.

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त चूक होते. पेसमेकर, मेंदूच्या ऑपरेशनात आत बसवलेली क्लिप, कानातलं कॉक्लियर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, दंडावरचा शुगरचा सेन्सर, हे सगळं सांगायचंच. हृदयातला स्टेंट, गुडघ्याचा सांधा, कॉपर टी साधारण चालते तरी सांगायची, आणि ऑपरेशनचं कार्ड असेल तर आणायचं. पण आपल्या भागात एक प्रश्न फार महत्त्वाचा आहे तो म्हणजे डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलाय का. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर, घराआड एकतरी माणूस फौंड्रीत नाहीतर लेथवर. असाच एक ग्राइंडिंगवाला माणूस, पोटदुखीसाठी आला, फॉर्मवर सगळीकडं "नाही" लिहिलं आणि कपडे बदलून तयार. त्याची बायको दारात उभी, ती सहज बोलून गेली, "गेल्या दिवाळीत डोळ्यात कण गेलता, कामावरच कुणीतरी काढला." आम्ही थांबलो. डोळ्याचा एक्सरे काढला तर बुबुळामागं बाजरीच्या दाण्याहून बारीक एक ठिपका. तो माणूस चुंबकात गेला असता तर तो कण आत सरकून डोळा जाऊ शकला असता. मग डॉक्टरांनी त्याचं सीटी करून घेतलं. त्याचा काही दोष नव्हता, त्याला खरंच वाटलं होतं की कण निघालाय. म्हणून घरातल्या माणसानं फॉर्म भरताना शेजारी बसायचं.

इंजेक्शनचा प्रश्न सगळे विचारतात. पित्तनलिकेची तपासणी, जिला एमआरसीपी म्हणतात, ती नुसती असेल तर इंजेक्शन लागत नाही. लिव्हरमध्ये, स्वादुपिंडात गाठ आहे का, कसली आहे हे बघायचं असेल तर गॅडोलिनियमचं औषध देतात, मोठ्या माणसाला साधारण १० ते १५ मिली. हे सीटीतलं आयोडीनवालं औषध नव्हे, दोन्ही वेगळी. आधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कसं काम करते ते सांगणारा रक्ताचा रिपोर्ट मागतात कारण हे औषध किडनीवाटे बाहेर जातं, किडनी फारच कमजोर असेल तर काही औषधं टाळतात. गरोदर बाईला शक्यतो हे औषध देत नाहीत, त्यामुळं पाळी चुकली असेल तर आधीच सांगा. आणि रेडिएशनची भीती काढून टाका, यात क्ष-किरण अजिबात नसतात.

आत गेल्यावर काम एकच, श्वास. पोटावर पट्ट्यासारखी कॉइल बांधतो, ती म्हणजे अँटेना. आपल्या अंगातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतं, चुंबकात ते एका दिशेला लागतं, रेडिओ लहरींनी त्याला धक्का दिला की ते परत जागेवर येताना बारीक सिग्नल देतं, तो ही कॉइल पकडते. आता लिव्हर श्वासाबरोबर वरखाली होत असतं, एकदोन सेंटीमीटर सहज. त्यामुळं आम्ही माईकवरून सांगतो, श्वास घ्या, सोडा, आता रोखा. १५ ते २० सेकंद. सोडून रोखायचा, कारण फुगवून रोखलेला श्वास दर वेळी वेगळा असतो, सोडलेला साधारण त्याच जागी थांबतो. घरी आदल्या रात्री घड्याळ लावून दहा वेळा करून या, एवढी एक गोष्ट केलीत तरी तुमची फिल्म शेजारच्यापेक्षा चांगली येणार. दमा आहे, धाप लागते, ऐकू कमी येतं, तर आधी सांगा, श्वास न रोखता करायच्याही पद्धती आहेत, वेळ थोडा जास्त लागतो. एकूण अर्धा ते पाऊण तास धरा. आवाज मोठा असतोय, ठोकल्यासारखा, कानात बोळे देतात. हातात एक रबरी फुगा देतात तो दाबला की आम्ही थांबवतो, बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी तो फुगा आधी एकदा दाबून बघावा, मग मन शांत होतं.

आता फिल्म. पहिली गोष्ट, आडवे काप असतात ते पायाकडून वर बघितल्यासारखे असतात. म्हणजे फिल्मच्या डाव्या बाजूला पेशंटची उजवी बाजू. समोर माणूस उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायाशी उभे आहोत असं समजा. डावीकडं सगळ्यात मोठं जे दिसतंय ते लिव्हर, त्याच्या खालच्या अंगाला पित्ताशय, उजवीकडं मागं प्लीहा, मधोमध खाली मणका, मणक्याच्या पुढं दोन गोल, त्यातला फिल्मवर उजवीकडचा महाधमनी आणि डावीकडचा महाशिरा. दोन्ही अंगाला किडन्या. स्वादुपिंड बारकं असतंय, आडवं पडलेलं, ते सुरुवातीला सापडलं नाही तरी चालेल.

मग प्रश्न येतो की एकच जागा एका फोटोत काळी, एकात पांढरी असं का. कारण प्रत्येक सिरीज, म्हणजे एका पद्धतीनं काढलेला फोटोंचा संच, वेगळी असते, टी-वन आणि टी-टू ही त्यातल्या दोन पद्धतींची नावं. टी-वनमध्ये पाणी काळं, चरबी पांढरी. टी-टूमध्ये पाणी पांढरं. ओळखायचं कसं, तर मणक्याच्या आत मज्जारज्जूभोवती पाणी असतं ते बघा, ते पांढरं असेल तर टी-टू, काळं असेल तर टी-वन. अजून एक खूण म्हणजे प्लीहा आणि लिव्हर शेजारी ठेवून बघायची, टी-टूमध्ये प्लीहा जास्त उजळ आणि टी-वनमध्ये लिव्हर जास्त उजळ, निरोगी माणसात असंच. त्या पोरानं बोट ठेवलेली सिरीज टी-टू होती, पित्त म्हणजे पातळ पदार्थ, पांढरा दिसणारच. आणि गंमत म्हणजे उपाशी माणसाचं पित्त घट्ट झालेलं असलं तर टी-वनमध्येही ते उजळ दिसू शकतं, तेही काही आजार नव्हे.

एमआरसीपी म्हणजे टी-टूचाच अगदी टोकाचा प्रकार, थांबलेलं पाणी तेवढं चमकतं आणि बाकी सगळं काळं. पित्ताच्या नळ्या काळ्या आभाळात झाडाच्या फांद्यांसारख्या दिसतात. खडा तिथं पांढऱ्या नळीत काळ्या ठिपक्यासारखा दिसतो, रिपोर्टमध्ये त्याला फिलिंग डिफेक्ट म्हणतात. मुख्य नळीला सीबीडी म्हणतात, ती साधारण ६-७ मिलीमीटरपर्यंत ठीक, वय वाढलं की किंवा पित्ताशय काढलेलं असलं की थोडी जाड असणं चालतं. तीन मिलीमीटरपेक्षा बारीक खडा यातूनही सुटू शकतो.

चरबीयुक्त लिव्हर बघायला दोन फोटो असतात, इन-फेज आणि आउट-ऑफ-फेज. दुसऱ्यात लिव्हर पहिल्यापेक्षा काळपट झालं तर चरबी आहे. डिफ्यूजनची सिरीज असते, त्यात दाटीवाटीच्या पेशी किंवा पू असला की ती जागा चमकते, पण चमक खरी आहे का हे एडीसी नावाच्या जोडीच्या फोटोत बघायचं असतं, तिथं तीच जागा काळी पाहिजे. नुसतं पाणी असेल तर दोन्हीकडं उजळ राहतं. इंजेक्शननंतरचे फोटो वेळेनुसार असतात, साधारण अर्ध्या मिनिटाला धमनीचा, सव्वा मिनिटाच्या आसपास आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेचा, मग काही मिनिटांनी उशिराचा. साधी सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी, ती टी-टूमध्ये पांढरीशुभ्र असते पण औषध अजिबात पीत नाही. हिमॅन्जिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुच्छ, तोही पांढराशुभ्र, पण औषध कडेनं ठिपक्याठिपक्यानं भरत आत येतं. दोन्ही बहुतेकदा निरुपद्रवी. बघा, एका फोटोत दोन्ही सारखेच दिसले, फरक पुढच्या फोटोत कळला. म्हणूनच एका पांढऱ्या डागावरून काही ठरवायचं नाही, रेडिओलॉजिस्ट, म्हणजे फोटो वाचून रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर, तीच जागा पाच-सहा सिरीजमध्ये फिरून बघतात तेव्हा एक ओळ लिहितात.

रिपोर्टमध्ये हायपरइंटेन्स म्हणजे उजळ, हायपोइंटेन्स म्हणजे गडद, आयसोइंटेन्स म्हणजे शेजाऱ्यासारखंच, एवढंच. ते आजाराचं नाव नाही. शेवटी इम्प्रेशन, म्हणजे रिपोर्टचा निष्कर्ष असतो, तो आधी वाचा. "सिंपल कॉर्टिकल सिस्ट" किडनीत पन्नाशीनंतर खूप जणांना असते. आणि आम्हा टेक्निशियनना "काय निघालं ओ" विचारलंत तर आम्ही गप्प बसतो, ते लपवायला नाही, वाचायचं काम आमचं नाही म्हणून. आमच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका.

एक सांगायचं राहिलं, मूतखड्यासाठी एमआरआय करा म्हणून स्वतःहून हट्ट धरू नका, खडा यात नीट दिसत नाही, त्याला सीटी चांगलं. पित्ताशयातल्या खड्याला सोनोग्राफीच पहिली. आणि कावीळ, थंडी वाजून ताप आणि उजव्या बरगडीखाली दुखणं असं तिन्ही एकदम असेल तर एमआरआयच्या अपॉइंटमेंटची वाट बघत घरी बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

सीडी जपून ठेवा. फिल्मवर निवडक फोटो असतात, सगळे शेकडो फोटो सीडीत असतात, कॉम्प्युटरवर रेडिअँटसारख्या व्ह्यूअरमध्ये उघडतात. मागच्या महिन्यात एक गुरुजी तीन वर्षांपूर्वीची सीडी पिशवीत घालून घेऊन आले, तिच्यावर मुलाच्या लग्नाची हळद सांडलेली. लिव्हरमधला ठिपका तेव्हा ९ मिलीमीटर होता, आता पण ९. डॉक्टरांनी दोन्ही शेजारी लावून बघितलं आणि पुढची तपासणी सांगितलीच नाही.